मातीखाऊ मास्तर

रस्त्याकडेला कोणी खड्डा खणताना दिसला की दिगंबर सर सायकल उभी करायचे, खड्ड्यात उतरायचे आणि चिमूटभर माती दातांखाली धरून डोळे मिटायचे. "करकरली तर वाळू, न्हाई करकरली तर चिकणमाती," एवढं बोलून थुंकायचे. आष्टीच्या बाजारात त्यांना मातीखाऊ मास्तर म्हणत. सरांना ते ठाऊक होतं.

आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे. हिमयुगाच्या धड्याला त्यांनी वर्गातला पिण्याच्या पाण्याचा माठ आदल्या दिवशीच बर्फवाल्याकडे नेऊन रिकामा केला. दुसऱ्या दिवशी तळाशी खडे गोठलेली लादी आणली आणि ओल्या मातीवरून ढकलत नेली. मातीत चर पडले, पुढे राडा साचला. "गावंच्या गावं बुडतील एवढा जाड बर्फ असाच हजारो वर्षं सरकला. डोंगर घासले, दऱ्या कोरल्या, तळ्यांना जागा केली."

"सर, मंग आपल्याकडं कवा आल्तं ते बर्फ?" मी विचारलं.

"बिलकुल न्हाई आलं. माठात बघ."

माठ कोरडा होता आणि ऊन तापलं होतं. दुपारपर्यंत पोरं कासावीस झाली. "पाणी तिकडं बर्फात अडकलं, समुद्र मागं हटला, इकडचा पाऊस तुटला. तिकडं बर्फ, इकडं दुष्काळ. तहान लागली का? मंग समजलं." मुख्याध्यापकांनी त्यांना चांगलंच झापलं. तरी शनिवारी सरांनी आम्हाला दुधना नदीवर नेलं.

तिथे दोन पुरुष उंचीची दरड होती. वर पिवळा गाळ, खाली गोटे. "पाऊस तुटल्यावर नदीला वझं पेलंना, तिनं ते इथंच टाकलं. हा पाषाण न्हाई. याच्या भरवशावर राहू नका." वार्षिक परीक्षेत मी हे जसंच्या तसं लिहिलं. सरांनी माझं उत्तर साऱ्या वर्गाला वाचून दाखवलं होतं.

आमच्याकडच्या विहिरी काळ्या पाषाणातल्या. बांधकाम नसलं तरी पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहतात. म्हणून रीतच पडली आहे की पाणी लागल्यावरच बांधायचं. कोरडी विहीर बांधणं अपशकुनाचं. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, सुधाकरने, नदीकाठच्या तुकड्यात विहीर काढली तीही याच रीतीने. मी तेव्हा जालन्याला मस्तगड भागात राहून नोकरी करत होतो, सुट्टीला गावी आलो होतो. निवृत्त झालेले सर सायकलवर आले, ढिगातली माती दातांखाली धरली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सुधाकर, काम जल्दी थांबवा. सिमेंटच्या रिंगा टाकत टाकत खाली जा."

दादा खालून हसला. "सर, पाणी तर लागू द्या. लेकराआधी बारसं कोण करतं?"

सरांनी मला बाजूला घेतलं. "तू सांग त्याला. तुझं ऐकतो तो."

ते खरं होतं. घरात शिकलेला मी एकटाच, माझा शब्द दादा खाली पडू देत नसे. "सांगतो," मी म्हणालो. सांगितलं नाही. मातीखाऊ मास्तरचं ऐकून गावासमोर काम थांबवायची मला लाज वाटली.

चौथ्या दिवशी गोट्यांच्या थरातून पाणी फुटलं. दादा नारळ घेऊन एकटाच खाली उतरला. पाण्याबरोबर गोटे सुटले आणि वरची दरड त्याच्यावर आली. दुपारपर्यंत आम्ही हातांनी उपसत होतो. तोंडात माती गेली होती, ती करकरत होती.

संध्याकाळी सर आले. वहिनीसमोर, भरल्या अंगणात त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू सांगितलं व्हतं, त्यानं ऐकलं न्हाई. तुझा दोष न्हाई. मीच खाली उतरून हाताला धरून वर आणायला पायजे व्हतं."

मी मान डोलावली.

त्यानंतर सरांनी कुठल्याच खड्ड्यापाशी सायकल थांबवली नाही. आष्टीला गेलो की मी त्यांना भेटायचो, आणि ते दर वेळी तेच म्हणायचे, "मी उतरायला पायजे व्हतं रे." गेल्या थंडीत ते गेले. तोवर किती वेळा आम्ही दोघेच समोरासमोर बसलो होतो. मला एकदाही खरं सांगता आलं नाही.