उजवा अंगठा आणि एक बकरी

मी समुद्र पाहिलेला नाही. बालाघाटहून समुद्र कोणत्याच बाजूनं जवळ नाही. आमचं जाणं-येणं म्हणजे माझं माहेर तुमसर, वाटेत गोंदिया, आणि वर्षातून एकदा नागपूर. पाणी म्हणजे आम्हाला वैनगंगा. तरी समुद्राचा आवाज मी ऐकला आहे, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आमच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीनच्या स्टुलावर बसून, दुपारी चार वाजता. अंगावर काटा आला होता. तो का आला ते सांगते, पण आधी हाताचं सांगावं लागेल.

मी ब्लाउज शिवते. सत्तावीस वर्षं शिवते आहे. परवाच्या उन्हाळ्यात, लग्नाच्या कामांचा ढीग पडलेला असताना, एका सकाळी कैची माझ्या हातातून गळाली. उचलायला गेले तर हात जागचा हलेना. मिस्टरांना हाक मारली तर तोंडातून भलताच आवाज निघाला. आमचे मिस्टर ऑटो चालवतात. स्टेशनच्या स्टँडवर जायला निघालेलेच होते, त्यांनी मला उचलून ऑटोत घातलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले लकवा आहे, पण हलका आहे, वेळेवर आणलं. आठवड्यात तोंड सरळ झालं, महिन्याभरात पाय चालायला लागला. राहिला तो उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. त्यांना जोरही नव्हता आणि गरम-गार काही लागतही नव्हतं.

आता अंगठ्याशिवाय शिंपीण काय करणार? कैचीच धरता येत नाही. बाकी कामाचं मी मनाला लावून घेतलं नसतं, पण दरवर्षी अशोक विजयादशमीला आमच्या वार्डातल्या बायका नागपूरला दीक्षाभूमीवर जातात, पांढरी साडी, पांढरा ब्लाउज घालून. ते ब्लाउज मी कापते. पांढऱ्या कपड्यावर चूक लपत नाही, म्हणून ते काम मी कधी कुणाला दिलं नाही. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, पहिल्या पाच-सहा महिन्यांत जेवढं परत येईल तेवढं भराभर येईल, पुढं फार हळू. मी बोटांवर मोजलं. पाचवा महिना बरोबर विजयादशमीलाच संपत होता.

बाईंनी एक रबरी चेंडू दिला, दाबायला. आणि परातीत राजमा घेऊन एकेक दाणा वाटीत टाकायला सांगितला. चार दिवस केलं. पाचव्या दिवशी मी ती परात अशी भिरकावली, की राजमा पार कपाटाखाली गेला. राजमा निवडून हात धड होत असते तर आपल्याकडच्या सगळ्या बायका पहेलवान झाल्या असत्या! मिस्टर गुडघ्यावर बसून दाणे वेचत होते आणि हसत होते. मला जास्तच राग आला.

आषाढात मुलगी सुट्टीवर आली. ती नागपूरला नोकरी करते. तिनं पिशवीतून हातात मावेल एवढा एक गेम काढला, मधे काच, दोन्ही बाजूंना बटणं.

"आई, चेंडू नाई दाबत ना तू? मंग हे खेळ."

"मी काय लहान पोट्टी हाय?"

"अवं, डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्यानं बाकी समदं. मी डॉक्टरबाईले विचारूनच आणलं."

दोघींनी मिळून आधीच ठरवलं होतं म्हणजे. मी दोन दिवस त्याला हात लावला नाही. ती गेल्यावर घर रिकामं झालं, तेव्हा शिवण नाही, गिऱ्हाईक नाही, करायचं काय म्हणून ते उघडलं. आणि तो समुद्र ऐकला.

काचेत एक लहानसं गाव होतं. गावाला लागून वाळू आणि वाळूला लागून समुद्र. एक ठेंगणी बाहुली उभी होती, ती म्हणजे मी. आमच्या भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते आणि त्या गावातही चारच वाजले होते. ऊन तसंच तिरपं पडलेलं. संध्याकाळी पाच मिनिटांसाठी पुन्हा उघडलं तर तिथं दिवेलागण झालेली! मी खिडकीतून बाहेर पाहिलं, मग आत पाहिलं. बाप्पा बाप्पा! म्हणजे मी गेम बंद करून ठेवला तरी तिथला दिवस आपला चालूच असतो, आणि तोही माझ्या दिवसासोबत.

दुसऱ्या दिवशी बाहुलीला चालवलं. गवतावर पाय पडले तर एक आवाज, वाळूवर पडले तर वेगळा, लाकडी पुलावर आणखी वेगळा. मी तिला पुलावरून तीनदा आणलं, नुसतं ऐकायला. माझी अर्धी जिंदगी ब्लाउजच्या आतल्या शिवणी साफ करण्यात गेली. तिथं कोण पाहतं? अस्तराच्या आत कुणी डोकं घालत नाही. तरी ते नीट करावं लागतं, नाही केलं तर झोप लागत नाही. आणि कुठंतरी कोण्या अनोळखी माणसानं बसून, एका बाहुलीच्या पायाखालची वाळू कशी वाजेल ते असं नीट केलं होतं. त्या माणसाला हात जोडावेसे वाटले मला. खरंच जोडले, जोडता आले तसे.

मग बकरी आली.

त्या गावात शेजारी म्हणजे सगळी जनावरंच. बकरी, अस्वल, एक बेडूक. कपडे घालून दोन पायांवर हिंडतात. बोलणं सगळं इंग्रजीत लिहून येतं, ते मला काही झेपत नाही. बकरी माझ्याजवळ आली, काहीतरी बोलली आणि एक पुडी माझ्या हातात ठेवून गेली. पुडीत नाशपाती होती.

आता बोली नाही कळली तरी पुडी कळते. आमच्या वार्डात कुणाकडून भाजीची वाटी आली तर ती रिकामी परत जात नाही. काही नसलं घरात तर दोन मिरच्या टाकून देतो, चिमूटभर साखर टाकतो, पण रिकामी वाटी देत नाही. माझी आई हेच करायची, मी हेच करते. बकरीनं दिलं आणि मी हात हलवत बसून राहिले, हे काही मला पटेना.

पण द्यायचं कसं? झाडाजवळ जायचं, बटण दाबून झाड हलवायचं, फळ पडलं की दुसरं बटण दाबून उचलायचं, झोळी उघडायची, फळ निवडायचं, बकरी शोधायची, तिच्याशी बोलायचं, मग ते द्यायचं. आणि सगळी बटणं उजव्या अंगठ्याखाली! अंगठा नुसता बटणावर पडून राहायचा, मेल्यासारखा. डाव्या हातानं दाबायला गेले तर गेमच हातातून सुटला. मग अंगठा बटणावर ठेवून अख्ख्या मनगटानं रेटा दिला. एक सफरचंद उचलायला मला चहा थंड होईस्तोवर वेळ लागला. घाम फुटला. पण त्या दिवशी सहा वाजता सफरचंद बकरीला पोचलं.

बकरी आनंदानं उडालीच. उडाली आणि झोळीतून दुसरी पुडी काढून माझ्या हातात दिली.

"अवं माय!" मी ओरडले. "आता हे कायले दिलं?"

म्हणजे पुन्हा माझ्यावरच आलं. दुसऱ्या दिवशी मी शिंपले नेऊन दिले, तर तिनं टोपी दिली. मी फुलं दिली, तर तिनं खुर्ची दिली. खुर्चीच्या बदल्यात आता काय देऊ? तेवढ्यात अस्वलानंही सुरू केलं. रोज दुपारी चार ते सहा माझा हाच धंदा, पळापळ नुसती. मिस्टर स्टँडवरून जेवायला आले की दारातूनच विचारायचे, "कावं, बकरीकडची वाटी धुतली का?" मी म्हणायची, "तुमाले काय करा लागते? जेवा गुपचूप."

मुलीला फोनवर सांगितलं तर ती हसून हसून थकली.

"आई, परत द्या लागत नाई वं. गेममध्ये असं काही नसते."

"तुह्या गेममंदी नसन. आमच्या वार्डात हाय."

"अवं पण ते कधी खतमच नाई होणार. तू देशीन, ते देईन."

"मंग नको होऊ दे."

श्रावण असा गेला. अंगठ्याकडे लक्ष द्यायला मला सवडच नव्हती. परातीतला राजमा निवडताना मी सारखी अंगठ्याकडे पाहत होते, हलला का, हलला का. इथं माझी नजर बकरीवर. एक दिवस ध्यानात आलं की मनगट रेटायची गरज पडत नाही.

पण डॉक्टरीणबाईंचं म्हणणं होतं की नुसता जोर येऊन उपयोग नाही, अंगठ्यानं वेळेवर ऐकायला हवं. कैचीत तेच लागतं. कापड वळतं तिथं त्याच क्षणी अंगठा वळावा लागतो, मागाहून वळला तर कापड गेलंच. आणि हे मला त्या गावातल्या मासळीनं रोज दाखवून दिलं. अस्वलाच्या घरात भिंतीवर माशाचं चित्र होतं, म्हणून मी ठरवलं की त्याला मासाच द्यायचा. गळ टाकायचा, पाण्यात काळी सावली येते, गळाला दोनदा टोचून पाहते, आणि गळ आत ओढला गेला की त्याच क्षणी बटण दाबायचं. मी दाबायची तोवर मासा गेलेला असायचा. रोज. पंधरा दिवस. मी त्या माशांना जे काही बोलले ते इथं लिहिता येत नाही. एकदा तर गेम मशीनवर आपटला आणि मग काच फुटली का म्हणून घाबरून पुसत बसले.

भादव्यातल्या एका दुपारी मी गळ टाकून समुद्र ऐकत होते. गळ टाकल्याचंही अर्धं विसरले होते. लाटांचा आवाज चालला होता. सावली आली. टुप. टुप. गळ आत गेला, आणि अंगठा दाबला गेला. मी दाबला असं मी म्हणणार नाही, कारण मी दाबायच्या आधीच तो दाबला गेला होता.

बाहुलीनं मासा डोक्याच्या वर धरला. मी अशी किंचाळले, की आतल्या खोलीत जेवत असलेले मिस्टर उष्ट्या हातानं धावत आले. त्यांना वाटलं पुन्हा झटका आला.

"काय झालं वं? काय झालं?"

"मासा!"

त्यांनी काचेतल्या माशाकडे पाहिलं. मग माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. मी तो पुन्हा पुन्हा वाकवून त्यांना दाखवत होते, हा बघा, हा बघा. दिवसभर सवाऱ्यांशी आणि घरी आल्यावर भिंतींशी बोलणारा हा माणूस तिथंच फरशीवर बसला आणि डाव्या हातानं डोळे पुसायला लागला. मीही रडले. एवढंसं हाड, त्यावर थोडं मांस, आणि डोक्यातून निघालेला निरोप वाट चुकत चुकत शेवटी तिथं पोचला होता. कोणत्या वाटेनं पोचला, डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही. मला तर अजूनही विश्वास बसत नाही.

मासा अस्वलाला दिला. त्यानं बदल्यात मला कंदील दिला. ते असो.

आश्विन लागला. दोन घरं सोडून राहणारी मैत्रीण आली. तिचे ब्लाउज पंधरा वर्षं मीच शिवते. ती बसली, चहा प्यायली, आणि जाताना म्हणाली, "यंदा मी बाजारातल्या शिंप्याकडं टाकला ब्लाउज. बाकीच्या बायांनीबी तिकडंच टाकले. तुह्या हाताले तरास नको म्हणून."

"हौ," मी म्हटलं. "बरं केलं."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ती गेल्यावर मी उठून पेटी उघडली आणि मागच्या वर्षी स्वतःसाठी आणून ठेवलेलं पांढरं कापड टेबलावर पसरलं. टेपनं मापं घेतली, खडूनं खुणा केल्या. कैचीच्या कड्यात अंगठा घातला. पाठ कापली. नीट कापली गेली. पुढचे दोन भाग कापले. मुंढ्याशी आले, म्हणजे जिथं बाही जोडतात ती गोलाई, तिथं अंगठा किंचित मागं पडला आणि कैची वळणाबाहेर गेली, दाण्याएवढी. शिकायला आलेल्या पोरीनं असं कापलं असतं तर मी तिला दोन शब्द ऐकवले असते. मी मात्र तेच तुकडे उचलले आणि मशीनवर बसले.

विजयादशमीला आम्ही सगळ्या जणी नागपूरला गेलो. मैदानात पाऊल ठेवायला जागा नव्हती, जिकडं पाहावं तिकडं पांढरंच पांढरं, आणि वार्डातल्या सगळ्यांचे ब्लाउज बाजारातल्या शिंप्यानं छान शिवले होते, खोटं कशाला बोलू. फक्त माझ्या ब्लाउजची डावी बगल जरा ओढल्यासारखी दिसत होती. मैत्रिणीच्या ते लगेच ध्यानात आलं.

"हे कोणं शिवलं वं?" तिनं हळूच विचारलं.

"मी," मी म्हटलं.

तिनं माझा उजवा हात धरला तो संध्याकाळी परत गाडीत बसेस्तोवर सोडला नाही, आणि तिची बोटं माझ्या अंगठ्याला दिवसभर गरम लागत होती.