खंजिरावरचं कुंकू

मस्कतला नोकरीत असताना घेतलेला वाकडा अरबी खंजीर मी विकायला काढला. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने भिंग लावलं. चांदीच्या म्यानाच्या नक्षीत लाल रेघा होत्या.

"काका, हे काय?"

"कुंकू. आमची ही दर खंडेनवमीला चिंचेने घासून पूजा करायची."

"अहो, जुनी चांदी घासतात का? काकूंनी सगळा जुनेपणा धुऊन टाकला! निदान हे लाल तरी काढू."

त्याला अरबाच्या कमरेवर आलेला जुनेपणा हवा होता. आमच्या घरात आलेला जुनेपणा डाग ठरला.

ती गेल्यावर साड्या मुलीने नेल्या, भांडी वाटली गेली. तिच्या बोटांचं असं एवढंच उरलंय.

मी खंजीर परत घेतला. यंदा नवमीला तो न घासताच पाटावर ठेवला. कुंकू मात्र माझ्याने लावलं गेलं नाही.