सहानंतर बाहेर पडायचं नाही

आमच्या गावचं वाचनालय संध्याकाळी सहाला उघडतं. ते चालवणारे गृहस्थ दिवसभर घोडेगावात एका दुकानात कामाला असतात, एसटीनं परत आले की कुलूप काढतात. उन्हाळ्यात त्याचं काही वाटत नाही, सहाला लख्ख उजेड असतो. दसरा झाला की मात्र त्याच वेळेला अंधारून यायला लागतं, आणि आमचं घर गावात नाही, मळ्यात आहे. गावापर्यंतच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी ऊस आणि उसात बिबट्या.

गेल्या दसऱ्यानंतर शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं त्यानं ओट्यावरून उचललं. वनखात्यानं फाट्यावर पाटी लावली, अंधार पडल्यावर बाहेर पडू नका. त्याच दिवशी जेवताना नवऱ्यानं जाहीर केलं, "सहानंतर बाईमानसानं भाईर पडायचं न्हाई. वाचनालय-बिचनालय आता बंद."

भीती मलाही वाटत होती. पण मी तेव्हा एका दोन भागांच्या कादंबरीचा पहिला भाग संपवून बसले होते. त्यातली बाई भरल्या घरातून पिशवी घेऊन निघते आणि तिथंच भाग संपतो. ती कुठं गेली हे मला कळायला हवं होतं. यात हसण्यासारखं काही नाही. दिवसभर रान, गोठा आणि चूल झाल्यावर माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

नवरा रोज संध्याकाळी मोटारसायकलवर गावात जातो. म्हटलं, "अहो, मला मागं बसवून न्या. पुस्तक बदलते आणि तुमच्याबरोबरच परत येते."

"तुझ्यासाठी ताटकळत कोन बसनार तितं?" तो म्हणाला. हा माणूस पारावर जेवणवेळ होईपर्यंत बसतो. तिथं ताटकळणं नसतं, तिथं समाजकार्य असतं.

मग म्हटलं, निदान पुस्तक तरी आणा. कादंबरीचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. चिठ्ठी खिशातच राहिली आणि यानं तिथं सांगितलं, बायकांचं कायतरी द्या. आलं काय, तर लोणच्यांचं पुस्तक. गेली वीस वर्षं हा माणूस माझ्या हातचं लोणचं बोटं चाटून खातो. ते पुस्तक मी फेकून मारलं नाही, कारण ते वाचनालयाचं होतं.

सासूबाईंनी माझा चेहरा पाहिला आणि जुन्नरच्या बाजारातून चॉकलेटी लोकर मागवून घेतली. "डोकं कशाला फिरवून घेती? थंडी आलीया. त्याला एक सेटर विण."

विणकाम मला येतं, आवडतंही. दिवाळीनंतरच्या कोवळ्या उन्हात टाके घालत बसण्यासारखं सुख नाही. पण बाईच्या हाताला काम दिलं की तिचं तोंड आपोआप बंद होतं, या हिशेबानं दिलेली लोकर मला नको होती. तरी घेतली. रोज दिवेलागणीनंतर टीव्हीसमोर बसून, ज्यानं मला घरात बसवलं त्याच्यासाठी ऊबदार काहीतरी विणत राहिले. दात-ओठ खात विणल्यामुळे टाके इतके घट्ट पडत होते की सुई पुढं सरकेना.

असा महिना गेला असेल. एका संध्याकाळी, चांगलं अंधारून आल्यावर, नवऱ्याचे दोन मित्र आळेफाट्याहून आले. आल्या आल्या यानं ओट्यावरूनच आत हाक दिली, "पावणं मासवडी खाऊन जायचं म्हनत्यात."

मासवडी म्हणजे तव्यावर टाकली आणि झाली असा प्रकार नाही. तीळ-खोबरं भाजायचं, कांदा-लसूण परतून सारण वाटायचं, बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, सारण भरून वळायचं, वर झणझणीत रस्सा आणि बाजरीच्या भाकरी. मी विणकाम बाजूला ठेवून कामाला लागले. सारण होत आलं तेव्हा लक्षात आलं की घरात कोथिंबिरीची काडी नाही. तसं ओट्यावर जाऊन सांगितलं.

"मंग आन की रानातनं," नवरा म्हणाला. "उसाच्या कडंला वाफा हाय न्हवं? बॅटरी घिऊन जा."

कोणी चमकलं नाही. पाहुण्यांनी नाही, सासूबाईंनी नाही. खरं सांगायचं तर मीही नाही. सवयीनं बॅटरी उचलली आणि बांधाबांधानं गेले. वाफ्यापाशी वाकले तेव्हा ऊस सळसळला. वारा होता. पण एकदम डोक्यात प्रकाश पडला की आपण कुठं उभ्या आहोत आणि कशासाठी. मुळासकट कोथिंबीर उपटली आणि ओट्यावर येऊन उभी राहिले.

"अहो, वनखात्याच्या पाटीवर कोथिंबिरीला सूट दिलीय का?"

पाहुणे हसले. नवराही हसला. "लई बोलती राव ही," तो म्हणाला आणि गप्पा पुढं चालू झाल्या.

आत सासूबाई बेसन घोटत होत्या. खालमानेनंच म्हणाल्या, "मला बी भ्या वाटायचं. रातची लाईट आली की उसाला पानी धराया जायची मी. कुनी इचारलं न्हाई."

मला वाटलं होतं हे ऐकून मी निवेन. उलट जास्त भडकले. "मग मला लोकर कशाला आणलीत, आत्या?" त्या बेसन घोटत राहिल्या. मासवडी फक्कड झाली. पाहुण्यांनी रस्सा दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला म्हणायची सगळी वाक्यं पाठ करून ठेवली. तो म्हणेल बिबट्या, तर मी काय म्हणायचं. तो म्हणेल कुत्रं नेलं, तर मी वाफ्याचं काढायचं. सहा वाजता चपला घातल्या, पिशवीत पहिला भाग टाकला. नवरा ओट्यावर बसला होता.

"कुठं निघाली?"

"वाचनालयात."

त्यानं एकदा आभाळाकडं पाहिलं, एकदा चुलीकडं. "आन् भाकरी कोन थापनार?"

मी थांबले. पुढं काही येतंय का ते पाहिलं. आलं नाही. महिनाभर मी बिबट्याला भीत घरात बसले होते, आणि याला भीती होती ती भाकरीची. पाठ केलेलं एकही वाक्य लागलं नाही. बॅटरी पेटवली आणि उसाच्या रस्त्याला लागले.