राजूरच्या धुळीचं गाणं

वणीहून पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये माझी बॅग बाबांनीच चढवली. राजूरच्या कोळसा खाणीतून ते नुकतेच निवृत्त झाले होते. म्हणाले, "गानं म्हन, पन नोकरी सोडू नोको." आई दुसरीकडेच बघत होती.

नोकरी सोडली नाही. दिवसभर कॉल सेंटरमध्ये लोकांची बोलणी खायची आणि संध्याकाळी तिथल्याच जोसेफ-मीरा या मित्रांच्या भाड्याच्या फ्लॅटवर जायचं. फोक पंक मला त्या दोघांनी ऐकवलं. साधी गिटार, ढोलकी आणि गळा बसेपर्यंत ओरडून म्हटलेली आपल्याच जगण्याची गाणी. स्टेज नाही, रेकॉर्ड कंपनी नाही. सोफा सरकवला की कार्यक्रम सुरू. रेकॉर्डिंग मोबाइलवर, पोस्टर हाताने काढून झेरॉक्स केलेलं. सुरुवातीला मी पुस्तकी मराठीत गायचे. मीरा म्हणाली, आईशी फोनवर बोलतेस तशी गा ना. मग राजूरचं गाणं झालं: वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी कोळशाची धूळ, बाबांचा खोकला. खोकल्याच्या कडव्याला पुण्यातली पोरं टाळ्यांचा ठेका धरायची.

चुलतभावाने ते घरी ऐकवलं, तेव्हा आई फोनवर चिडली. "घरातला खोकला लोकायले कायले आयकवतं?"

माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना हा थकवा ठाऊक असेल. परक्यांना आपलं गाव सांगत राहायचं, तेच ते, वर्षानुवर्षं. पुढे जोसेफ कॅनडाला गेला, मीराला बाळ झालं, फ्लॅट सुटला. गेल्या दिवाळीला मी एकटीच गिटार घेऊन राजूरला गेले.

बाबांनी अंगणात खुर्च्या टाकल्या, शेजाऱ्यांना बोलावलं. मी तेच गाणं धरलं. खोकल्याच्या कडव्याला बाबांना खरंच उबळ आली. मी थांबले, तर त्यांनी हातानेच चालू ठेव म्हणून खुणावलं. गाणं संपलं. टाळी कुणीच वाजवली नाही. बाबा पाणी प्यायले आणि शांतपणे म्हणाले, "हे तं आमाले माहीतच हाये. दुसरं म्हन."

माझ्याकडे दुसरं नव्हतं. आईने सगळ्यांना फराळाला उठवलं.

आता पुण्यात शिफ्ट संपवून हेडफोन काढला की अंगात त्राण उरत नाही. तरी रविवारी गिटार घेऊन बसते. घर म्हणजे आता माझ्यासाठी ते अंगण, जिथे जुन्या गाण्यावर भागत नाही. बाबा फोनवर विचारतात, झालं का दुसरं?

मी म्हणते, होऊन राह्यलं.