किरणला भीती वाटायची

फोन आला तेव्हा मी नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या घरी कणीक मळत होते. नंबर अनोळखी होता. सीमेवर तोफांचा मारा सुरू झाल्यापासून फोन वाजला की मी दचकायचे, आणि बराच वेळ वाजला नाही तरी तो हातात घेऊन बघायचे. पलीकडचा माणूस हिंदीत, फार हळू बोलत होता. "किरण की बड़ी बहन बोल रही हैं?" मी हो म्हटलं. मग त्याने विचारलं, घर में और कोई है... पुढे त्याने जे सांगितलं ते सगळं मी ऐकलं, पण मला कळलं ते त्या प्रश्नातच.

किरण माझा धाकटा भाऊ. सैन्यात ड्रायव्हर होता. पुढच्या चौक्यांना पाणी आणि शिधा पोचवणारा ट्रक चालवायचा. त्या सकाळी माल उतरवून परत येताना रस्त्यावर तोफगोळा पडला. घरचा नंबर म्हणून त्याने माझा दिला होता, आईचा नाही. शेवटच्या सुट्टीत चहा पिता पिता सहज म्हणाला होता, "आईला असलं काही फोनवर कळायला नको."

आई सटाण्याजवळच्या आमच्या गावी एकटीच राहते. वडील गेल्यावरही ती नाशिकला आली नाही. माझ्या नवऱ्याने, विजयने, लगेच गाडी काढली. हात धुवायचंही मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर किरण गेला हे तोवर माझ्या आत शिरलंच नव्हतं. शिरली होती ती फक्त भीती, की आपण पोचायच्या आत आईला कोणीतरी सांगेल. मोबाइलवर त्याचा फोटो फिरायला लागेल, खाली दिव्याचं चित्र... पिंपळगावपाशी कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि आम्ही इंच इंच सरकत होतो. मी शेजारच्या ताराकाकूंना फोन लावला. म्हटलं, "काकू, आईच्या घरी जा आणि टीव्हीची वायर काढा." का, असं त्यांनी विचारलं नाही. "काढते," म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. म्हणजे बातमी आमच्या पुढे धावत होती.

चांदवड मागे पडल्यावर मला विहीर आठवायला लागली. गावातली सगळी पोरं धडाधड उड्या मारायची आणि किरण काठावर दोर धरून रडायचा. कोणी चिडवलं तरी घरी पळून जायचा नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा काठावर हजर. शेवटी एकदा डोळे गच्च मिटून त्याने उडी मारली, पोहून वर आला आणि विहिरीच्या काठावरच ओकला. मी विचारलं, "गेली का भीती?" "नाही," म्हणाला, "पण येतं आता." वडिलांच्या टेम्पोवर तो गाडी शिकला आणि गाडीच त्याला आवडली. भरतीसाठी गावातल्या पोरांबरोबर पहाटे सटाणा रस्त्यावर धावायचा, तेव्हाही देशाबिशाबद्दल तो कधी मोठं बोलला नाही. पक्की नोकरी आणि हातात गाडी, आणखी काय पाहिजे, एवढंच म्हणायचा. तिकडे मारा सुरू झाल्यावर त्याचा शेवटचा फोन आला. म्हणाला, "ताई, काहीतरी बोल." काय बोलू, मी विचारलं. "काहीही. आज भाजी कसली केली?" मी सांगायला लागले... वांगी चिरली, खोबरं भाजलं. मागे कुठेतरी धप्पकन आवाज झाला. मी बोलता बोलता थांबले. मग हळूच म्हणाला, "हं, पुढे? मसाल्यात काय घातलं?"

आम्ही गावात शिरलो तेव्हा चौकात माणसं उभी होती आणि आमची गाडी पाहून बाजूला झाली. आई घरामागे कांदे साठवायच्या चाळीत बसून सडके कांदे वेगळे काढत होती. मला अशी अचानक आलेली पाहून हसली, तिच्या अहिराणीत म्हणाली, "तू कशी उनी आज? सुट्टी शे का?" मग तिची नजर माझ्या हातांवर गेली. कणीक बोटांवर वाळून तडकली होती. तिने हातातला कांदा खाली ठेवला. वाटभर जुळवलेलं एकही वाक्य मला बोलावं लागलं नाही. "किरण?" एवढंच तिने विचारलं.

पुढे गाव लोटलं, फलक लागले, भाषणं झाली. तो हसत हसत मरणाला सामोरा गेला, असं एक जण माइकवर म्हणाला. आई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यानंतर ती सगळ्यालाच घाबरायला लागली. गॅसला, विजयच्या गाडीला, दाराच्या कडीला. मी चाळीतून कांदे आणायला बाहेर पडले तरी उंबऱ्यात उभी राहायची. मी तिच्याजवळच राहिले.

गेल्या आठवड्यात किरणचा सोबती आला. बलबीर नाव, हरियाणाचा, त्याच ट्रकवरचा. त्या दिवशी तो जखमी झाला होता. हात अजून गळ्यात बांधलेला. चहा पिऊन त्याने कप खाली ठेवला. आईनेच विचारलं, "त्याले भ्याव वाटे का?" मी हिंदीत सांगितलं, विचारतेय की किरणला भीती वाटायची का. बलबीरने माझ्याकडे पाहिलं. काय उत्तर द्यावं हे मला डोळ्यांनी विचारत होता बहुतेक. मी काहीच सुचवलं नाही.

"हां माँजी," तो म्हणाला. "बहुत डरता था. मुझसे कहता था, तू बोलता रह, मैं चलाता हूँ. मैं भी डरता था. फिर भी गाड़ी रोज़ ऊपर जाती थी."

मी सांगायच्या आधीच आईला कळलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल पडले. मला म्हणाली, "हा खराच त्याच्याजवळचा. परक्याला माझं पोरगं त्याचं भ्याव सांगत नाही."

तिने त्याला जेवू घातलं आणि किरणच्या खाटेवर आडवं व्हायला लावलं. त्याचा लगेच डोळा लागला. दुपारी गावात कोणाची तरी वरात निघाली आणि फटाक्यांची माळ कडाडली. बलबीर ताडकन उठून बसला, पांढराफटक, चांगला हात डोक्यावर घेऊन. आई खाटेशी गेली. तीही दचकली होती, तरी तिने हात त्याच्या पाठीवर ठेवला.

"फटाका शे, बेटा. लगीन शे. नीज."

'बेटा' सोडून त्याला एकही शब्द कळला नसेल. माळ संपेपर्यंत ती तेच म्हणत राहिली, आणि तो पुन्हा झोपला तरी तिने हात काढला नाही.