परत सांगा

साखर कारखान्यात शिकाऊ फिटर म्हणून आलेली ती मुलगी कर्जतकडची. शनिवारी मी या शिकाऊ पोरापोरींना मोजमाप करायला, चारचौघांत बोलायला शिकवतो. हिला काही समजावून सांगायची सोय नव्हती. माझं वाक्य संपायच्या आत तिचं "व्हय सर" येऊन पडायचं. ओढणी कानामागे घट्ट खोचलेली, हातातला पाना पुसून चकचकीत केलेला, आणि मान कायम हलती. मला त्या होकाराची धास्तीच वाटायची.

एकदा म्हणालो, "कळलं नसेल तर विचारावं की."

"आई-आप्पा ऊसतोडीला जात्यात, सर. मुकादमाला उलटून इचारायचं नसतंय."

परवा वाफेच्या पाइपचं काम निघालं. मीही तिथेच होतो. यंत्रांच्या धडधडाटात इंजिनिअर साहेब काहीतरी सांगून वळले. दोघा जुन्या फिटरांनी माना डोलावल्या. हिने पाना वर धरला.

"सायेब, थांबा. कळलं न्हाई. परत सांगा."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली, पण जवळ येऊन त्यांनी पुन्हा सांगितलं. तेवढ्यावर तिने सोडलं नाही. "म्हंजी आदी वरचा व्हॉल्व्ह बंद करायचा. वाफ गेली की मगच खालचं झाकण खोलायचं. बरोबर?"

"व्हय," या वेळी साहेब म्हणाले.

जुन्यांपैकी एकाने खालच्या झाकणाच्या बोल्टला लावलेला पाना हळूच काढून घेतला. तिच्याजवळ सरकून म्हणाला, "पोरी, मला बी परत एकदा सांग."