बोईसरची ओली भिंत

रबर जळल्याचा वास आला की मला बोईसरची आमची भाड्याची खोली आठवते. तारापूरला तेव्हा वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, माझे यजमान तिथेच कामाला होते आणि बाहेरून आलेल्या कामगारांमुळे गावात जागा मिळणं कठीण झालं होतं. आमच्या खोलीत दिव्याची जुनी रबरी वायर ओल्या भिंतीवरून गेली होती, दिवा लावला की तिचा जळका वास यायचा. भिंतीला हात लागला की झिणझिण्या यायच्या. यजमानांनी वीज कचेरीतून तपासनीस आणला. त्याने भिंतीला टेस्टर टेकवताच टेस्टरमधला बारका दिवा लागला. "वायर बदला, नाहीतर कुणाचा तरी जीव जाईल," तो घरमालकाला म्हणाला. मालक ओटीवर सुपारी कातरत होता. "भ्या वाटत असंल त्यानं खोली सोडावी. मला भाडेकरूंची कमी नाय." तपासनीस वरिष्ठांना कळवतो म्हणाला आणि गेला, पुढे कुणीच आलं नाही. एका सकाळी माझ्या लेकीला भिंतीचा जोरात झटका बसला, थोडक्यात वाचली. त्याच दिवशी आम्ही पालघरला दिरांकडे निघालो. बैलगाडीत ट्रंक चढवतानाच नवं बिऱ्हाड दारात आलं, बाईच्या कडेवर तान्हं मूल. मी तिला भिंत दाखवून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, आमी इतकं दिस झाडाखाली काढलं. दुसरी जागा नाय." मग तिने बाळाला खोलीच्या मधोमध गोधडीवर निजवलं. ते बाळ पुढे लवकरच रांगायला लागलं असेल, हा विचार या वयातही माझी पाठ सोडत नाही.